एक चूल, एक पाकीट

नापारीच्या दोन्ही बायकांचं एकमेकींशी फार पटायचं, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला. सवती भांडणाऱ्या असत्या तर हे घडलंच नसतं, असं माझं मत आहे. अर्थात माझं मत घरात कुणी फारसं विचारत नाही, आणि ते योग्यच असावं.

नापारी माझा पुतण्या. त्याचा ट्रक आहे. आमच्या भागातले कंद भरून तो दूर दक्षिणेला कुमासी शहरात नेतो आणि येताना जे मिळेल ते भरून आणतो. त्याची मोठी बायको अझारा आणि धाकटी सुवैबा. मी शाळेच्या ग्रंथालयात होतो. बायको गेल्यापासून याच अंगणाच्या कडेला, पुस्तकं आणि चार गिनी कोंबड्यांसोबत राहतो.

आमच्याकडे चूल दर दोन दिवसांनी हात बदलते. जिची चूल, तिच्याच घरात त्या दोन रात्री नवरा. यात कुणाला काही बोलावं लागत नाही. आदल्या बाईने संध्याकाळी पीठ घोटायचा मोठा चाटू आणि मिठाचं मडकं दुसरीच्या दारात नेऊन ठेवलं की झालं. नापारी कितीही दिवसांनी परत आला तरी आधी चाटू कुणाच्या दारात आहे ते बघतो आणि मग चपला काढतो.

अझाराचं शेवटचं बाळंतपण जवळच्या तमाले शहरातल्या इस्पितळात झालं. तिचा रक्तदाब इतका चढला की तिला झटके आले. बाळ वाचलं, तीही वाचली. डॉक्टरांनी नापारीला समोर उभं करून सांगितलं की पुन्हा दिवस गेले तर ही जगेल असं मी म्हणणार नाही. नापारीने मान हलवली. घरी येऊन एक मेंढा कापून वाटला. तेव्हापासून अझाराला पुन्हा मूल होऊ द्यायचं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते कसं, हे मला माहीत नव्हतं. चुलतसासऱ्याला असल्या गोष्टी कुणी सांगत नाही आणि त्यानेही विचारायच्या नसतात.

म्हणून त्या सकाळी दोघी माझ्या दारात एकदमच येऊन बसल्या तेव्हा मला वाटलं, कोंबड्यांनी कुणाचं तरी धान्य खाल्लं.

"काका, जरा वाचून पाहिजे होतं," अझारा म्हणाली.

"काय गं?"

तिने सुवैबाकडे पाहिलं. सुवैबाने कोंबड्यांकडे पाहिलं.

"मुलांकडून घ्या की वाचून," मी म्हणालो. अझाराची थोरली तिन्ही मुलं इंग्रजी शाळेत जातात.

"हे मुलांकडून नाही वाचून घेता येत."

"द्या ना अक्का, काका काय खाणार आहेत का कागद?" सुवैबा म्हणाली आणि तिने स्वतःच ओढणीच्या गाठीतून घडी केलेला पातळ कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. सोबत गोळ्यांचं पाकीट. काही कप्पे फुटलेले, काहींत पांढऱ्या गोळ्या, शेवटच्या ओळीत तपकिरी.

मी भिंग घेतलं. पहिली ओळ वाचली आणि भिंग खाली ठेवलं.

"अगं, हे तर पाळणा लांबवायचं औषध आहे."

"ते आम्हाला माहीत आहे काका. अक्कांचं डोकं दुखतंय गेले चार-पाच दिवस. कागदात डोक्याचं काही लिहिलंय का बघा."

अक्षरं मुंगीएवढी होती. डोक्याचं लिहिलेलं होतं. खूप डोकं दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली तर गोळी थांबवा आणि ताबडतोब दवाखान्यात जा. त्याच्या वर आणखी एक परिच्छेद होता. तो मी दोनदा वाचला. मग आत जाऊन शब्दकोश आणला. त्यातला एकही शब्द मला अडला नव्हता, तरी आणला.

"अझारा, रक्तदाब असलेल्या बाईने ही गोळी घेऊ नये असं यात म्हटलंय. ही तुला कुणी दिली?"

"मला कुठे दिली? सुवैबाला दिली. लारिबा सिस्टरने."

"मग तू कशी घेतेस?"

"आम्ही वाटून घेतो."

"म्हणजे अर्धी-अर्धी?"

"अर्धी कशाला?" अझारा जरा दुखावल्यासारखी म्हणाली. "अख्खी घेतो. जिची चूल तिची गोळी. पाकीट मिठाच्या मडक्यात असतं. चाटूबरोबर तेही जातं."

खरं सांगायचं तर क्षणभर मला ते पटलं. नवरा एक. एका रात्री तो एकाच घरात. चूल रोज पेटते, गोळी रोज एक जाते. कुठेच काही वाया जात नाही. इतका नेटका कारभार मी शाळेतही पाहिला नव्हता.

"नापारीला माहीत आहे?"

"यांनीच तर सांगितलं," सुवैबा म्हणाली. "म्हणाले, ट्रकला स्टेपनी एकच असते. दोन टायर एकदम थोडेच फुटतात? ज्याला लागेल त्याला लावायची."

मी पुन्हा भिंग उचललं. "यात तसं नाही लिहिलेलं. यात लिहिलंय की एकाच बाईने रोज घ्यायची. रोज ठरल्या वेळी. त्या दिवशी... म्हणजे... ते झालेलं असो वा नसो."

"काय झालेलं असो?"

"ते. नवरा-बायकोचं."

"हां, ते. काका, तुम्ही नुसतं 'ते' म्हणा, आम्हाला कळतं."

"तर ते असो वा नसो, गोळी रोज हवी. ती रात्रीपुरती नसते. शरीरात रोज थोडा-थोडा साठा ठेवून असते, असं मला वाटतं. दोन दिवस घेऊन दोन दिवस सोडली तर घेतल्यात जमाच नाही."

"दोघींना?"

"दोघींना."

सुवैबाचं हसू गेलं. ती अझाराकडे वळली. अझारा जमिनीवर बोटाने रेघ ओढत होती.

"काका, मला आठवडा वर झाला," ती म्हणाली.

"कशाला आठवडा वर झाला?"

"काका!" सुवैबा ओरडली.

मग मला कळलं. मी चष्मा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिलो.

"माझा धाकटा अजून नीट बोलत नाही," अझारा म्हणाली. एवढंच म्हणाली.

दवाखाना फार लांब नाही. सुवैबाने मोटरसायकल काढली, अझाराला मागे बसवलं आणि दोघी गेल्या. मी सायकलवरून निघालो. मी कशाला जातोय हे मला नीट ठाऊक नव्हतं. कागद माझ्या खिशात होता, तो तरी पोचवावा असं वाटलं. पोचलो तेव्हा दोघी आत होत्या, म्हणून बाहेर कडुलिंबाखाली उभा राहिलो. झाडावर लावलेल्या सूचना तीनदा वाचल्या. सगळ्या डासांबद्दल होत्या.

लारिबा सिस्टर दारात आल्या. उंच बाई, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा.

"तुम्ही नापारीचे काका ना? आत या."

"मी इथे बरा आहे."

"तुम्ही बरे असाल हो. पण घरी जाऊन नापारीला सांगायला कुणी तरी पुरुष पाहिजे. या दोघी सांगतील आणि तो हसेल. तुम्ही सांगितलं तर हसणार नाही."

माझ्यावर हसू नये असं कुणाला का वाटावं ते मला कळलं नाही, पण आत गेलो आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसलो.

अझाराच्या दंडावरचा पट्टा अजून तसाच होता. रक्तदाब बराच वर होता. सिस्टरनी थोडा वेळ तिला निजवून पुन्हा पाहिला, तरी वरच.

"कधीपासून चाललंय हे वाटप?" त्यांनी विचारलं.

"बाजरी पेरली तेव्हापासून."

"आता बाजरी खाऊन झाली." सिस्टर सुवैबाकडे वळल्या. "तुझं पाकीट दर वेळी अगदी वेळेवर संपायचं. एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही. मी इतर बायकांना तुझं उदाहरण द्यायचे, माहिताय?"

"मग चांगलंच आहे की," सुवैबा पुटपुटली.

"आणि या तपकिरी? या कुणाच्या वाट्याला जायच्या?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"त्या आम्ही यांना देतो," अझारा म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं की त्यात लोह आहे, अंगात रक्त भरतं. हे गाडी चालवून थकून येतात. रश्शात घालतो कुटून."

सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. भिंतीवर एक पाल होती, मी तिच्याकडे बघत राहिलो.

"नापारीला त्याने काही होणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "या सगळ्या गोंधळात औषध लागू पडलं ते त्याला एकट्यालाच."

मग त्यांनी दोघींच्या लघवीची तपासणी केली. सुवैबाची नाही निघाली. अझाराचीही नाही निघाली. अझाराने श्वास सोडला, पण सिस्टरनी तो पुरता सोडू दिला नाही.

"आज नाही म्हणतेय. पण नापारी जाऊन दहाएक दिवसच झालेत. इतक्यात कळेलच असं नाही. पाळी आली तर प्रश्न मिटला. नाही आली तर तीन आठवड्यांनी पुन्हा ये, टाळू नकोस. ते झाल्यावर पाच दिवसांच्या आत आली असतीस तर एक वेगळी गोळी असते ती दिली असती, आता तिची वेळ गेली. आणि उद्या तमालेला जायचं, रक्तदाबाच्या औषधासाठी. पोटात काही असो वा नसो, उद्याच जायचं."

सुवैबाचं पाकीट टेबलावर होतं. सिस्टरनी ते उचलून केराच्या डब्यात टाकलं आणि दोन नवी काढली. एक पहिल्यासारखं. दुसरं लहान, सगळ्या गोळ्या एकाच रंगाच्या.

"हे तुझं, सुवैबा. फक्त तुझं. तुझा रक्तदाब ठीक आहे, तू घेऊ शकतेस. रोज एक, तपकिरीसुद्धा तूच खायच्या, म्हणजे सवय मोडत नाही. विसरलीस तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी. लागोपाठ दोन विसरलीस तर आठवडाभर जपायचं. हे तुझं, अझारा. यात रक्तदाब चढवणारं ते दुसरं द्रव्य नाही. पण ही जास्त काटेकोर आहे. वेळ पाळायची. तीन तास उशीर झाला तर चुकली समज, आणि पुढचे दोन दिवस जपायचं. आजपासून घे. समजा दिवस गेलेच असले, तरी या गोळीने बाळाला काही होत नाही. तुला हवी तर दंडात बसवायची काडीही आहे, मग रोजची कटकट नाही."

"काडी नको," अझारा म्हणाली. "मी वेळ पाळीन."

"कशावर पाळशील?"

"काकांचा रेडिओ संध्याकाळी बातम्या सांगतो ना आपल्या डागबानी भाषेत. तो सुरू झाला की घेईन."

"आणि काका रेडिओ लावायला विसरले तर?"

"ते कुठे जातात विसरायला?"

हे खरं होतं, तरी माझे कान तापले.

"आता जपायचं म्हणजे काय ते ऐका," सिस्टर म्हणाल्या. "अझारा, दोन दिवस. सुवैबा, तुला पूर्ण आठवडा. नवऱ्यापासून लांब, नाहीतर हे वापरायचं." आणि त्यांनी निरोधची पाकिटं काढून सरळ माझ्या हातात दिली.

"नापारी कधी येतोय?"

"आज संध्याकाळी," दोघी एकदम म्हणाल्या. मग सुवैबा हळूच म्हणाली, "आज अक्कांची चूल आहे."

घरी परतताना त्या पाकिटांनी माझा खिसा फुगला होता. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला मी दोन्ही हात हँडलवरून न सोडता नमस्कार केला.

नापारी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याने ट्रक बाभळीखाली लावला, अझाराच्या दारातला चाटू पाहिला आणि खुशीत चपला काढल्या. मग सवयीप्रमाणे टायर बघायला पुन्हा बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेलो. काय बोलायचं ते मी दुपारभर मनात जुळवलं होतं. एक सुरुवात जमली होती, दुसरी तिच्याहून बरी वाटली होती, आणि आता दोन्ही आठवत नव्हत्या.

"प्रवास कसा झाला?"

"बरा झाला काका. तुम्ही बरे?"

"बरा."

"कोंबड्या?"

"त्याही."

तो चाकाला पाय मारत होता. माझा हात खिशात होता.

"नापारी, ती तुझी स्टेपनी."

"काय झालं तिला?"

"ट्रकची नाही. बायकांची."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं माझ्या तोंडून बायका हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला असावा. "काका, तुम्हाला कुणी सांगितलं ते?"

"मी वाचलं. ते तसं नाही. दोघींना एक नाही चालत."

"का नाही? एका वेळी एकच टायर—"

"टायरसारखं नाही ते." मी चाकाकडे बोट दाखवलं. "ते लागेल तेव्हा लावायचं नसतं. आतच असावं लागतं. सारखं. गाडी उभी असली तरी."

त्याने चाकावरचा पाय काढला. मग हळू म्हणाला, "म्हणजे स्टेपनी नव्हे. इंजिनातलं तेल."

"हो. बहुतेक. हो."

"आणि आम्ही एका गाडीतलं तेल काढून दुसरीत घालत होतो. मग तिच्यातलं काढून पुन्हा पहिलीत."

"हो."

"म्हणजे दोन्ही कोरड्याच."

"हो. आणि ते तेल अझाराच्या इंजिनाला चालतच नाही. तिचा रक्तदाब चढलाय. उद्या तमालेला न्यायचंय." आणि मग मी ते बोललो, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतं. "तिला आठवडा वर झालाय, नापारी. डॉक्टर काय म्हणाले होते तेव्हा तू समोर होतास."

नापारी ट्रकच्या पायरीवर बसला. तो मोठा, बोलका माणूस आहे. चेकपोस्टवरच्या पोलिसांना तो हसवतो. आता त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"स्टेपनीचं मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "हसण्यावारी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते खरं धरलं."

मी खिशातून पाकिटं काढून त्याच्यापुढे केली. सिस्टरनी काय सांगितलं, कुणाला किती दिवस, ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पाठ केलेलं मला बरं जमतं.

"राहू द्या ती तुमच्याकडेच," तो म्हणाला.

"माझ्याकडे?" मी घाबरून विचारलं.

"आठवडाभर मी गाडीत झोपतो."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. बायकांनी हाकललं म्हणतील. बॅटरी चोरीला जातायत असं सांगेन मी."

लोक तेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी नापारी तमालेहून अझाराला घेऊन आला आणि जेवून पुन्हा ट्रकच्या केबिनमध्ये चढला. शेजारचा खाटीक कुंपणावरून म्हणाला, "नापारी, दोन बायका आणि झोप गाडीत? तिसरी बघ, निदान दार तरी उघडेल!" नापारी म्हणाला, "बॅटरीला जपतोय." "बॅटरी उतरली की काय?" खाटीक म्हणाला आणि सगळी गल्ली हसली. नापारीने काच वर केली. पाकिटं माझ्या गादीखाली होती, आणि त्या आठवड्यात माझं अंथरूण मी कुणालाही झाडू दिलं नाही.

घरात चूल नेहमीसारखी हात बदलत राहिली. चाटू जायचा, मिठाचं मडकं जायचं. गोळ्यांची पाकिटं मात्र आपापल्या घरातच राहिली. बातम्या लागल्या की अझारा पाण्याचा पेला घेऊन यायची, माझ्याकडे पाठ करायची, गोळी घ्यायची आणि जायची. तमालेहून आणलेली गोळी ती सकाळी घ्यायची. डोकं दुखायचं थांबलं. ती पीठ घोटायची, मुलांना दटावायची, आणि मधेच हात थांबवून नुसती उभी राहायची. मग पुन्हा घोटायची. तिला कुणी काही विचारत नव्हतं. सुवैबाने एकदाही विनोद केला नाही. ते मला सगळ्यात जड गेलं.

नापारीचा आठवडा संपला. तरी तो केबिनमध्येच झोपत राहिला. कुमासीची एक खेप त्याने दुसऱ्याला दिली.

अझाराचं काय झालं ते मला कळायला मार्ग नव्हता. विचारणं शक्य नव्हतं, आणि तिने येऊन सांगावं असं आमचं नातं नाही. जे कळलं ते संध्याकाळच्या, मगरीबच्या नमाजाला कळलं. घरात वडील मी, म्हणून पुढे मी उभा राहतो, माझ्यामागे नापारी आणि मुलगे, त्यांच्यामागे बायका. उभं राहण्यापूर्वी रांगा सरळ आहेत का ते वळून बघायचं असतं. मी वळलो. सुवैबा चटई टाकून उभी होती. तिच्या बाजूची जागा रिकामी होती. अझारा लांब चुलीशी बसून शेंगा सोलत होती, आणि धाकटा तिच्या पाठीवर चढत होता. पाळी आलेली बाई नमाजाला उभी राहत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी चटकन पुढे वळलो. असं काही पाहणं बरं नव्हे. नापारीने पाहिलं की नाही ते मला दिसलं नाही. फक्त मागे कुणीतरी नाक ओढलं.

नमाजाच्या शेवटी मान उजवीकडे-डावीकडे वळवून मी सलाम फिरवला आणि तसाच बसून राहिलो. नापारी पुढे सरकून माझ्या कानाशी आला. त्याचे डोळे ओले होते.

"काका," तो म्हणाला, "तीन रकात असतात. तुम्ही चार केल्या. आम्ही मागून सांगत होतो, तुम्ही ऐकलंच नाहीत."

"खरंच?" मी म्हणालो.

"मोठ्याने सांगत होतो."

चूक झाली की शेवटी दोन सजदे जास्त करायचे असतात, तशी सोय आहे. मी पुन्हा कपाळ टेकलं, आणि सगळी रांग माझ्यामागे पुन्हा वाकली.